अभियांत्रिकी प्लास्टिके

यंत्रे, वाहने व विद्युत उपकरणे यांत भार, उष्णता आणि झीज सोसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकांचा वर्ग. नायलॉन, पॉलिकार्बोनेट, ॲसिटाल, पीबीटी व एबीएस ही त्यातली नेहमीची नावे. पॉलिप्रॉपिलीन एरवी बादल्या-डब्यांचे स्वस्त प्लास्टिक. पण त्यात शंखजिरे किंवा काचतंतू मिसळले की तेच गाड्यांच्या बंपरला आणि डॅशबोर्डला चालते. त्यामुळे या वर्गाची सीमा काटेकोर नाही.

तापवल्यावर मऊ होतात ती ऊष्मामृदू, एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा वितळत नाहीत ती ऊष्मादृढ. लिओ बेकलंड यांचे बेकेलाइट (१९०७) दुसऱ्या प्रकारचे. कुकरच्या मुठी व जुने विजेचे स्विच त्याचेच. वॉलेस करोथर्स यांनी १९३५ मध्ये तयार केलेले नायलॉन पहिल्या प्रकारचे आहे.

गुणधर्म : पोलादाची घनता दर घन सेंमी.ला ७.८५ ग्रॅम, नायलॉनची सुमारे १.१४. वजनातली ही बचत मोठी असली तरी ताठरपणात फरक त्याहून मोठा आहे : पोलादाचा प्रत्यास्थता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, साध्या कोरड्या नायलॉनचा ३ च्या आसपास. ३० टक्के काचतंतू घातल्यास तो तिपटीने वाढतो, मात्र तंतू साच्यातल्या प्रवाहाच्या दिशेने लागतात आणि आडव्या दिशेला भाग दुबळा राहतो.

गुणधर्मांच्या तक्त्यातले आकडे बहुधा २३° से. तापमानाला, थोड्या वेळात उरकलेल्या चाचणीतून आलेले असतात. प्रत्यक्षात भाग वर्षानुवर्षे भाराखाली राहतो आणि प्लास्टिक त्या भाराखाली हळूहळू सरकत जाते. यास विसर्पण म्हणतात. बोल्टने आवळलेला प्लास्टिकचा भाग याच कारणाने कालांतराने सैल पडतो. म्हणून बोल्टच्या छिद्रात धातूचे बुश बसवून ताण त्यावर घेतात.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा. पाण्यात बुडवून ठेवलेले नायलॉन-६ वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते. त्याने ते चिवट होते, पण ताठरपणा घटतो आणि मापे फुगतात. मुळशीसारख्या जोरदार पावसाच्या तालुक्यात हे विसरून चालत नाही. पॉलिकार्बोनेटचे दाणे तर ड्रायरमध्ये नीट वाळवले नाहीत तर भागावर चंदेरी रेघा उमटतात आणि वितळलेल्या अवस्थेत त्या पाण्याने रेणूसाखळ्या तुटून मजबुती कमी होते. अचूक मापाच्या दातेरी चाकांसाठी नायलॉनऐवजी ॲसिटाल निवडण्यामागे त्याचे अल्प जलशोषण हे एक कारण आहे.

आकार : भिंतीची जाडी सर्वत्र सारखी ठेवतात. ताठरपणा हवा असेल तर जाडी न वाढवता रिब देतात, त्यांची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास. जास्त झाली की समोरच्या पृष्ठावर खळगा पडतो. आतले कोपरे गोलावतात. भाग साच्यातून सुटावा म्हणून साधारण १° ढाळ देतात. वितळलेल्या प्लास्टिकाचे दोन प्रवाह जिथे मिळतात ती रेघ दुबळी असते. भार तिच्यावर येणार नाही अशी गेटची, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरण्याच्या तोंडाची, जागा ठरवावी लागते.

ज्वलनशीलता : हा गुणधर्म आरेखनात हमखास शेवटी पाहिला जातो, ते योग्य नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांना जळत राहण्यास सुमारे १८ टक्के पुरतो. कठीण पीव्हीसीला ४० टक्क्यांहून अधिक लागतो, त्यामुळे ज्योत दूर केली की ते विझते, परंतु जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडते. विद्युत उपकरणांसाठी मागितला जाणारा ‘व्ही-०’ दर्जा उभ्या धरलेल्या छोट्या पट्टीवरची ज्योत १० सेकंदांत विझण्यावर ठरतो. तो विशिष्ट जाडीपुरताच खरा असतो. कमी जाडीला तो गृहीत धरता येत नाही.

मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी क्लोरिन डायऑक्साइडची जलशुद्धीकरण उत्पादने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. तीत १७ कामगार दगावले, बहुतेक स्त्रिया. वेष्टनाच्या विभागात प्लास्टिकचे काम चालू असताना आग लागल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले होते. पातळ फिल्मचे पृष्ठफळ वस्तुमानाच्या मानाने फार मोठे असल्याने ती जाड भागापेक्षा कितीतरी झपाट्याने पेटते, आणि क्लोरिन डायऑक्साइडसारखे ऑक्सिडीकारक रसायन शेजारी असेल तर तिला हवेतल्या ऑक्सिजनवर अवलंबून राहावे लागत नाही. वस्तूचे प्लास्टिक निवडणाऱ्याने तिच्या वेष्टनाचे प्लास्टिक, त्याची साठवण आणि तिथे काम करणाऱ्यांची बाहेर पडण्याची वाट हेही आपल्याच कामात धरले पाहिजे.

उपयोग : वाहनांत हवेचे मॅनिफोल्ड, पंख्याची पाती, दिव्यांची भिंगे, तारांचे कनेक्टर, घरात मिक्सरची अंगे, मीटरच्या पेट्या. महाराष्ट्रात रत्नागिरीजवळ पीव्हीसी रेझिनचे उत्पादन होते, तर जळगाव पाइप व ठिबक सिंचनासाठी ओळखले जाते. ठिबकच्या नळ्या पॉलिएथिलीनच्या असतात. त्यांचा काळा रंग सुमारे २ टक्के काजळीचा असतो. ती अतिनील किरण शोषून घेते, म्हणून नळी उन्हात तडकत नाही.