१२ ऑगस्ट १९२५ : पडद्यामागच्या हातांचा मान

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, फेअरमाँटच्या महाविद्यालयात (आजचे फेअरमाँट स्टेट विद्यापीठ) प्रा. पॉल ऑप यांच्या पुढाकाराने 'अल्फा साय ओमेगा' ही नाट्यविद्यार्थ्यांची मानद संस्था स्थापन झाली. तिच्या शाखांना 'कास्ट', म्हणजे नटसंच, म्हटले गेले. शाखेच्या सचिवालाही नाव मिळाले ते नाटक कंपनीतले : बिझनेस मॅनेजर. १९२९ मध्ये दोन वर्षांच्या महाविद्यालयांसाठी 'डेल्टा साय ओमेगा' निघाली. त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी 'नॅशनल थेस्पियन सोसायटी' सुरू झाली. तिच्या उभारणीतही ऑप होतेच.

'अल्फा साय ओमेगा'चे सदस्यत्व अर्जावर मिळत नाही, ते कामातून कमवावे लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नाटकात केलेल्या कामाचे गुण साठत जातात आणि ते नुसत्या अभिनयाचे नसतात. शिडीवर चढून दिव्याला रंगीत कागद लावणारा, विंगेत उभ्या नटाच्या अंगरख्याचे सुटलेले बटण दातांनी दोरा तोडत टाचणारी, अंधारात चाचपडत टेबल-खुर्च्या हलवणारे, या सगळ्यांचे श्रम तिथे मोजले जातात. टाळ्यांच्या वेळी ही मुले प्रेक्षकांसमोर नसतात, त्यामुळे त्यांची नोंद कुठेतरी व्हायलाच हवी. विसाव्या वर्षी मिळालेली ती नोंद पुढे रंगभूमी सोडलेला माणूसही जपून ठेवतो.