मुलुंड, सकाळी 6:40

हे घर कल्पनेतलं आहे. त्या सकाळी मेंदूत जे घडतं, ते मात्र प्रयोगशाळांत डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

6:40. मुलुंड पश्चिम. चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांच्या उजव्या हातातून चहाची बशी निसटते. बोलायला जातात, शब्द फुटत नाही. "बीपी नॉर्मल आलं" म्हणून महिनाभर गोळ्या बंद होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूच्या धमनीत गुठळी अडकली आहे.

6:45. "अहो, बोला ना!" बायको साखरपाणी पाजते. अशा वेळी गिळणंही बिघडलेलं असू शकतं. पाणी श्वासनलिकेत उतरतं.

7:00. "पित्त असेल, जरा पडू दे." मोठी धमनी तुंबली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये मांडला. चेतापेशींबद्दल आपण ऐकतो. त्यांच्या शेजारच्या पेरिसाइट पेशींचं नावही घरात कुणी घेत नाही. केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या या पेशी. रक्तातलं मेंदूत काय शिरू द्यायचं, हे वाहिनीचं अस्तर ठरवतं आणि त्या अस्तराला धाक असतो पेरिसाइटचा. त्या कमी असलेल्या उंदरांत रक्त आणि मेंदूमधला हा अडसर गळतो, हे 2010 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी 'नेचर'मध्ये दाखवलं. रक्तपुरवठा तुटला की याच पेशी आकसतात. मिठी आवळत जाते.

7:40. आता त्या मरू लागतात, आणि आवळलेल्या मुठीनिशीच मरतात. प्रेत ताठरतं, तसं. लंडनच्या डेव्हिड अ‍ॅटवेल यांच्या गटाने 2014 मध्ये हे उंदरांच्या मेंदूत टिपलं. एका मरणाने दोन घात होतात. पुढे गुठळी विरघळली तरी बारीक वाटा चिमटलेल्याच राहतात. आणि राखण संपल्याने भिंत कच्ची होते.

9:30. दवाखाना उघडतो. डॉक्टर एका नजरेत ओळखतात: "सीटी स्कॅन असेल तिथे न्या, आत्ताच."

10:15. नातेवाईक जवळच्या नर्सिंग होममध्ये नेतात. तिथे सीटी नाही.

11:10. एलबीएस मार्ग, भांडुप. रिक्षा अडकलेली. साडेचार तास भरले. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून देण्याची नेहमीची मुदत इथे संपते. मुदत आहे, कारण उशीर होईल तसा औषधाचा फायदा घटतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचं भय त्याला पुरून उरतं. ज्या भिंतीतून रक्त फुटायचं, ती सकाळपासून कच्ची होत आलेली असते.

11:50. स्कॅन होतं. मोठी धमनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत नळी घालून गुठळी ओढून काढता येते, म्हणून उशीर झाला तरी जायलाच हवं. पण सकाळचा उजवा हात तसा परत मिळेल, हे आता कुणी सांगू शकत नाही.

तिसरा दिवस. गळक्या अडसरातून पाझरलेल्या पाण्याने मेंदू सुजतो. कवटी मात्र ताणली जात नाही.

डॉ. पी. एम. दलाल यांच्या चमूने 2005-06 मध्ये मुंबईत नोंद ठेवली. पक्षाघाताचा पहिलाच झटका आलेल्या 456 जणांपैकी सुमारे 30 टक्के 28 दिवसांत दगावले.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर आधी घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. तोंडात काही घालू नका. 108 लावा आणि चोवीस तास सीटी चालणारं हॉस्पिटल गाठा. ते तुमच्या घरापासून कोणतं, हे आजच विचारून ठेवा.