लहान खिडकीतला जुना खेळ



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, ताम्रपट येतात, सनावळ्या येतात. आज मात्र मी तुम्हाला एका खेळाचा इतिहास सांगणार आहे. तोही पडद्यावरच्या खेळाचा. ‘आता या वयात हे काय काढलं मास्तरांनी?’ असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. वाटू द्या. पण जो खेळ चार कोटींहून अधिक प्रतींनी जगभर गेला आणि आपल्याकडच्याही असंख्य मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीपुढे बसून खेळला, त्याचा वृत्तांत कोणीतरी सांगायला नको का?

खेळाचे नाव ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानातल्या क्योटो शहरी असलेल्या निन्टेंडो कंपनीने तो 13 सप्टेंबर 1985 रोजी बाहेर काढला. टोपी घातलेला, भरघोस मिशांचा एक ठेंगणा नळदुरुस्तीवाला धावतो, उड्या मारतो, खड्डे ओलांडतो आणि कैदेतल्या राजकन्येला सोडवायला निघतो. एवढीच गोष्ट. अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. प्लॅटफॉर्म म्हणजे येथे रेल्वेचा फलाट नाही बरे का. या ओट्यावरून त्या ओट्यावर, या फळीवरून त्या फळीवर नेमकी उडी साधायची, तो हा खेळ. आपल्या मुली अंगणात चौकोन आखून ठिकरी खेळतात, त्याच्याशी याचे नाते मला फार जवळचे वाटते. रेषेवर पाय पडला की बाद. तिथेही आणि इथेही.

निन्टेंडो ही कंपनी मुळात यंत्रांची नव्हे. फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी 1889 साली ती काढली ती पत्ते करण्यासाठी. हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते तिथे हाताने तयार होत. पुढे 1965 साली गुनपेई योकोई नावाचा एक तरुण तिथे पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला नोकरीस लागला. रिकाम्या वेळात त्याने मौजेखातर लांब होणारा एक लाकडी चिमटा बनवला. मालकांच्या तो नजरेस पडला. आपली नोकरी गेली असे पोराला वाटले असेल. पण झाले उलटेच! कंपनीने 1966 साली तेच खेळणे करून विकले आणि ते लाखांनी खपले. हे योकोई लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

दुसरे गृहस्थ शिगेरु मियामोतो. जन्म 1952, गाव सोनोबे, क्योटोपासून जवळच. लहानपणी हा मुलगा डोंगररानात भटकायचा, हाती कंदील घेऊन गुहेत शिरायचा. पुढे त्यांनी सांगितले की खेळातली भुयारे त्या भटकंतीतून आली. 1977 साली ते निन्टेंडोत लागले. 1981 साली त्यांनी ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला. त्यात एक वानर वरून पिंपे गडगडवतो आणि खालून एक सुतार उड्या मारत चढतो. या सुताराला धड नावही नव्हते. ‘उडीवाला’ अशाच अर्थाने त्याला हाक मारीत. अमेरिकेत कंपनीने ज्याचे गुदाम भाड्याने घेतले होते, त्या मारिओ सेगाले नावाच्या घरमालकावरून त्याचे नाव मारिओ पडले. घरभाड्याच्या व्यवहारातून जगप्रसिद्ध होण्याचे भाग्य कोणाला लाभेल, सांगता येत नाही.

आणि त्या मिशा? त्यांचेही कारण आहे. हे चित्र अवघ्या काही ठिपक्यांचे. तेवढ्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून नाकाखाली मिशा काढल्या. धावताना केस उडताना दाखवता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी दिली. हात हलताना दिसावेत म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा डांगरीसारखा पोशाख. अडचणींतून माणूस घडतो म्हणतात. हा तर अक्षरशः घडला.

सारा खेळ साठवायला मिळालेली जागा होती 40 किलोबाइट. हे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. तुम्ही वाचता आहात तेच भाषण देवनागरीत संगणकात उतरवले, तर त्यातली निम्म्याच्या आसपास जागा या भाषणालाच लागते. तेवढ्यात मियामोतो आणि त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका यांनी आठ जगे आणि प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे बसवले. काटकसर कशी केली बघा: आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. पांढरे रंगवले की ढग, हिरवे रंगवले की झुडूप! पूर्वी हा खेळ खेळताना माझ्या हे कधी ध्यानात आले नव्हते. एकदा कळल्यावर मात्र दुसरे काही दिसतच नाही.

आता शिक्षकांनी थोडे इकडे लक्ष द्यावे. खेळाचा पहिला टप्पा हा माझ्या मते शिकवण्याचा उत्तम नमुना आहे, आणि त्यात सूचनेचा एक शब्द नाही. पडदा उघडतो तेव्हा मारिओ डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सारी जागा मोकळी. मूल आपोआप उजवीकडे चालू लागते. थोडे गेले की कपाळाला आठ्या घातलेला एक छोटा प्राणी समोरून येतो. त्याचा धक्का लागला की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या खेपेस मूल उडी मारते. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो, त्याला डोके लागते आणि आतून भूछत्र निघते. हे भूछत्र शत्रू की मित्र, हे मुलाला ठाऊक नाही. ते उजवीकडे पळते, नळावर आपटते आणि मागे फिरून मारिओकडेच येते. भिऊन उडी मारावी तर वरच्या विटा आड येतात आणि बहुधा ते अंगाला लागतेच. लागते आणि मारिओ मोठा होतो! मियामोतोंनी ही जागा मुद्दाम अशी आखली, हे त्यांनीच सांगितले आहे.

त्याच टप्प्यात पुढे पायऱ्यांच्या दोन चढणी समोरासमोर आहेत. मधे साधी जमीन. उडी चुकली तर खाली पडाल, परत चढाल. त्यानंतर लगेच तशाच दोन चढणी, पण या वेळी मधे खोल खड्डा. आधी धोका नसलेला सराव, मग परीक्षा. आपण पोरांना पाढे शिकवताना एवढा विचार करतो का? मी तरी केला नव्हता, कबूल करतो.

हा खेळ आमच्या घरी आला तो 1990 नंतरच्या काळात. आला म्हणजे रीतसर आला नाही. मूळ जपानी यंत्राची नक्कल असलेले स्वस्त संच तेव्हा आपल्या शहरांतून मिळत आणि त्यांच्या काडतुसांवर ‘99,99,999 खेळ’ असे धडधडीत छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजके, तेच ते पुन्हा पुन्हा. ही सरळसरळ चोरीची नक्कल होती आणि तिचे कौतुक मी करणार नाही. पण इतिहास सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे, की आपल्याकडच्या बहुतेक मुलांना मारिओ भेटला तो याच चोरवाटेने.

भाचा सुट्टीत आला की संच टीव्हीला जोडायचा. तो खेळायचा, मग मी. मूळ खेळात केलेली मजल जपून ठेवायची सोय नव्हती. एका बैठकीत सारे व्हायचे. आणि आमच्या गावी वीज कधी जाईल, याचा नेम नव्हता. सातव्या जगात पोचावे आणि भारनियमन सुरू व्हावे, असे किती वेळा झाले म्हणून सांगू! ‘मामा, परत पहिल्यापासून,’ तो म्हणायचा. आठवे जग आम्ही दोघांनी पार केले नाही ते नाहीच.

येथे योकोई पुन्हा येतात. 1980 साली त्यांनी कॅल्क्युलेटरच्या पडद्याचे खिशात मावणारे खेळ काढले, आणि 1982 साली त्यांतल्या एकावर अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. वर, खाली, डावे, उजवे एका अंगठ्याने! पुढे 21 एप्रिल 1989 रोजी त्यांच्या हाताखालून ‘गेम बॉय’ बाहेर पडला. त्यांचे मत असे होते, की तंत्र नवे कोरे कशाला हवे. जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. म्हणून गेम बॉयला रंगीत पडदा दिला नाही. हिरवट पडद्यावर चार छटा, बस्स. लोक हसले. प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे काढली. पण सेगाच्या रंगीत यंत्राला सहा सेल लागत आणि ते काही तासांतच मान टाकत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून कितीतरी अधिक चाले. ज्यांनी शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर ऐकला आहे, त्यांना सेलचे महत्त्व मी काय सांगावे? गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून 11 कोटींवर खपले. योकोईंचे मात्र 1997 साली रस्त्यावरील अपघातात निधन झाले. वय अवघे छप्पन.

1999 साली त्या रंगीत गेम बॉयसाठी मूळ मारिओची नवी आवृत्ती निघाली. तीच गेल्या वर्षी माझ्या हाती आली. भाच्याने घर बदलताना जुन्या पेटीत सापडलेले यंत्र माझ्याकडे पाठवून दिले. दोन सेल घातले, कळ सरकवली आणि तीच धून वाजली. कोजी कोंडो यांची ही धून 2023 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात घेतली गेली. व्हिडिओ गेमचे संगीत तिथे प्रथमच गेले. आम्हा आकाशवाणीच्या माणसांना याचे अप्रूप वाटणारच.

खेळ तोच. पण खेळू लागलो आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. दुसऱ्यांदा पडलो. वयाला दोष देऊन मोकळा होणार होतो, पण मग चौकोन मोजले. टीव्हीवर खेळाचे जग एका वेळी 16 चौकोन रुंद दिसे. हातातल्या पडद्यावर फक्त 10 दिसतात, आणि उंचीला 9. म्हणजे घर तेच, खिडकी लहान. समोरून येणारा शत्रू उशिरा दिसतो, वरचा ठोकळा पडद्याबाहेर राहतो. दृश्य वरखाली सरकवायला बटण द्यावे लागले आहे. मियामोतोंनी जो धडा सोळा चौकोनांच्या फळ्यावर लिहिला, तो दहा चौकोनांच्या पाटीवर उतरवताना कडेचा मजकूर गेला. अक्षर न् अक्षर तेच असूनही वाचणाराची दमछाक होते. दुसऱ्या बाजूने मजल जपायची सोय या आवृत्तीत आली, आणि वीज गेली तरी काही बिघडत नाही. मग हा तोच खेळ म्हणावा काय? मी बरेच दिवस हो आणि नाही यांत झुलत होतो. आता माझे मत ‘नाही’कडे झुकते.

हा प्रश्न रिकामपणाचा नाही. 2023 साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली. 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आता बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे आढळले. त्याच वर्षी 27 मार्चला निन्टेंडोने आपल्या एका जुन्या हातयंत्राचे ऑनलाइन दुकान बंद केले; मी खेळतो ती आवृत्तीही तिथे विकत मिळत असे. मारिओचे काय, तो कुळातला थोरला. मूळ खेळ 2018 पासून कंपनीच्या ‘स्विच’ यंत्रावर वर्गणी भरून मिळू लागला. पण बाकीच्या शेकडो खेळांना वाली कोण? आपल्याकडे जुन्या बोलपटांच्या फिती जळाल्या, नाटकांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. तीच गत होते आहे, फक्त धूर दिसत नाही.

आणि माझ्या हातातल्या काडतुसाचीही तीच गोष्ट. मजल जपण्यासाठी त्यात बटणाएवढा एक सेल बसवलेला असतो. तो संपला की जपलेले सारे पुसले जाते. मी यंत्र पहिल्यांदा लावले तेव्हा भाच्याची मजल शोधली. तो तरुणपणी कोठवर पोचला होता, आठवे जग त्याने माझ्यावाचून पार केले की काय, हे मला पाहायचे होते. काही नव्हते. कोरे. फोन करून विचारले, तर म्हणाला, ‘मामा, आठवत नाही हो.’

तालुक्याच्या घड्याळजीकडून नवा सेल बसवून आणला आहे. या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून दुपारी ओसरीवर बसतो आणि दिवेलागणीला थांबतो. काल आठव्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात होतो. भाचा दिवाळीला येतो आहे. शेवटचा किल्ला तोवर राखून ठेवला आहे.