विस्मरणशील कर्नल: लिनक्समधील बदल टिकतात कसे?

१/ संगणक बंद झाला की त्याची मेमरी पुसली जाते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याला कालचे काहीही आठवत नाही. तरीही लिनक्स सर्व्हर रीबूटनंतर कालच्याच नियमांनी चालतात. या सातत्यामागे मोठा इतिहास आहे.

२/ १९८०च्या दशकातील बीएसडी युनिक्समध्ये एकाच वेळी किती प्रोसेस चालाव्यात, यांसारख्या मर्यादा 'मॅक्सयूजर्स' या आकड्यावरून ठरत. हा आकडा कर्नल कंपाइल करतानाच त्यात घातला जाई. तो बदलायचा तर कर्नल नव्याने कंपाइल करून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. बदल शिलालेखासारखा टिकाऊ होता आणि तितकाच दुरुस्तीला अवघड.

३/ १९९३च्या ४.४बीएसडीने 'सिसकंट्रोल' आणले. कर्नल चालू असतानाच त्याची मूल्ये बदलता येऊ लागली. लिनक्सने ही कल्पना १.३.५७ या आवृत्तीत स्वीकारली आणि ती मूल्ये '/प्रॉक/सिस'खाली फाइलींच्या रूपात मांडली. मूळ सिस्टम कॉल २०२० साली आलेल्या ५.५ आवृत्तीतून वगळला गेला. फाइलींची वाट मात्र कायम राहिली.

४/ या फाइली डिस्कवर नसतात. त्यांत लिहिलेला आकडा थेट कर्नलच्या मेमरीत जातो. आयपी फॉरवर्डिंगचे मूळ मूल्य ० असते. यंत्राला राउटर करायचे तर तेथे १ लिहावे लागते. वीज गेली की तो १ नाहीसा होतो. यंत्र पुन्हा सुरू होते, केबली जागेवर असतात आणि तरीही त्याच्या आधारावरचे सारे कार्यालय इंटरनेटविना राहते.

५/ यावरचा उपाय साधा होता. '/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ' या फाइलीत मूल्ये लिहून ठेवायची आणि यंत्र सुरू होताना ती दर वेळी वाचून कर्नलला सांगायची. कर्नल विसरभोळाच राहिला. त्याला रोज आठवण करून देणारा कारकून नेमला गेला.

६/ पुढे एकाच फाइलीवर डिस्ट्रो, पॅकेजे आणि ॲडमिन या सर्वांनी हक्क सांगितला. म्हणून 'सिसकंट्रोल.डी' ही डिरेक्टरी आली. २०१० साली अवतरलेल्या सिस्टमडीच्या व्यवस्थेत एकाच नावाच्या दोन फाइली असल्यास '/ईटीसी'मधील फाइल '/यूएसआर/लिब'मधील फाइलीवर मात करते. नावे वेगळी असल्यास फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटचा शब्द ग्राह्य ठरतो. नावाआधी '९९' लावण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली.

७/ ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले. त्यातील सिस्टमडीने जुनी 'सिसकंट्रोल.कॉन्फ' वाचणे थांबवले. फाइल जागेवर असली, तिच्यातील अक्षरन् अक्षर शाबूत असले, तरी बूटच्या वेळी ती वाचणारा उरला नाही. केवळ तिच्यावर विसंबलेला राउटर अपग्रेडनंतरच्या रीबूटला पुन्हा ० वर येतो. त्याच ओळी 'सिसकंट्रोल.डी'मध्ये, '.कॉन्फ'ने संपणाऱ्या नावाच्या फाइलीत हलवणे हा उपाय.

८/ लिहिलेले टिकते ते पुढचा वाचक ते वाचतो तोवरच. म्हणून बदल टिकल्याचा पुरावा फाइलीत शोधू नये. यंत्र एकदा रीबूट करावे आणि चालू कर्नललाच त्याचे मूल्य विचारावे. #इतिहास