अर्ध्या इंजिनाची कुळकथा

रायपूरच्या समता कॉलोनीत एखाद्या गल्लीच्या तोंडाशी दोन छोटे हाथी, म्हणजे टाटा एस मालगाड्या, मागे-पुढे उभे असतात. एकाच्या हौद्यात प्लायवूडचे तक्ते, दुसऱ्याच्या हौद्यात टेंट हाऊसच्या खुर्च्या. तोंडवळा सारखा, पाट्यांवर तेच सीजी ०४. किल्ली फिरवली की मात्र फरक कळतो. जुन्या गाडीची केबिन थडथडते, आरसा हलतो, बंपरवर ठेवलेला चहाचा कागदी कप सरकू लागतो. नवी गाडी सुरू झाली की नाही हे कान देऊन ऐकावे लागते. पहिलीत दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे, दुसरीत दोनच सिलिंडरचे, पण पेट्रोलचे. दोघींच्या वयात फार तर दहा वर्षांचे अंतर. त्या दहा वर्षांत काय घडले, हे समजायला जरा मागे, मुंबईच्या माझगावपर्यंत जावे लागते.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी माझगावात विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे ज्या सीजे-३बी जीपने भारतातली गावे पाहिली, तिच्यात सव्वादोन लिटरच्या आसपासचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होते. अमेरिकेत पेट्रोल पाण्याच्या भावाने मिळत होते, त्या काळाची ही देणगी. भारतात तेच इंजिन घरात हत्ती बांधल्यासारखे झाले. सरकारी खात्यांना ते परवडत होते, कारण तिथे पंपावरची पावती कुणाच्या खिशातून जात नव्हती. माल वाहून पोट भरणाऱ्याला ते परवडणे शक्यच नव्हते.

त्याची सोय पुण्याने केली. नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने तीन चाकी मालगाडी भारतात आणली. तिने भाषेत इतके घर केले की आजही मराठी माणूस कुठल्याही कंपनीच्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. पुढे पुण्याचीच मॅटाडोर आली, ती डिझेलवरची.

१९७३ आणि १९७९ अशा दोन तडाख्यांत जगभर तेल महागले. महिंद्रांनी १९७९ मध्येच फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनाचा करार केला. इंजिनाचे नाव एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकूण २,११२ सीसी. इगतपुरीच्या कारखान्याने महिंद्रांच्या इंजिनांची पुढची पिढी पोसली, आणि जीपच्या चेहऱ्यामागे डिझेल कायमचे येऊन बसले. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये पुण्यात ‘टाटामोबाइल’ हा पिकअप काढला तोही डिझेलवरच. पिकअप म्हणजे डिझेल, हे समीकरण तेव्हा घट्ट झाले.

त्यात सरकारचाही हात होता. डिझेल शेतकऱ्याचे आणि एसटीचे इंधन, म्हणून त्याचा भाव दाबून ठेवलेला असे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, डिझेलचा सोडला नाही. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक असताना पेट्रोलचा पिकअप घेणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढले असते.

छोटा हाथी जन्मला तो याच हिशेबातून. २००० नंतरच्या मंदीत टाटा मोटर्सचे मोठे ट्रक विकले जाईनात. त्याच वेळी बारामतीच्या पियाजिओच्या तीन चाकी मालगाड्या, ग्रीव्हजच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर, शहरांतल्या गल्ल्या व्यापत होत्या. गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या तरुण चमूने तीन चाकीच्या मालकांना गाठून विचारले की तुम्हाला हवे तरी काय? त्या गाठीभेटींतला एक किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. एका चालकाचे म्हणणे असे होते की चार चाकी असती तर लग्नाला स्थळे बरी आली असती. किस्सा घासून गुळगुळीत झाला असला तरी खोटा वाटत नाही. इंजिनाची निवड माणूस केवळ ॲव्हरेज पाहून करत नाही, एवढे त्यातून दिसतेच.

प्रश्न होता इंजिनाचा. नवे इंजिन घडवायचे तर किंमत तीन चाकीच्या आसपास राहणार नव्हती. टाटांकडे १९९८ च्या इंडिका कारचे डिझेल इंजिन तयार होते, १,४०५ सीसीचे. त्याचे घराणे ‘४७५’, म्हणजे चार सिलिंडर, व्यास ७५ मिलिमीटर. अभियंत्यांनी ते सरळ मधोमध कापले. चारचे दोन सिलिंडर झाले, १,४०५ चे ७०२ सीसी झाले आणि ‘४७५’ चे ‘२७५’ झाले. ताकद अवघी १६ अश्वशक्ती, वजन वाहायची कागदावरची क्षमता ७५० किलो. मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास होती. आधी पुण्यात आणि मग उत्तराखंडातल्या पंतनगरला ती तयार होऊ लागली, आणि पहिल्या बारा वर्षांत वीस लाखांहून जास्त विकली गेली.

या अर्ध्या इंजिनाची रचना साधी होती, आणि त्याची सारी किमया त्या साधेपणात होती. टर्बो नाही, संगणक जवळपास नाही. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका छोट्या खोलीत पेटवायचे आणि ज्वाळा मुख्य सिलिंडरकडे सोडायची. कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला पंप आणि नोझल खोलून बसवता येत असे. गाडी काळा धूर टाकू लागली की नोझल साफ करायचे, एवढेच औषध.

पण धुरावर आता दुसऱ्याच लोकांचे लक्ष होते. सप्टेंबर २००१ मध्ये केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. तिने ऑगस्ट २००२ मध्ये अहवाल दिला आणि देशाला उत्सर्जनाचे वेळापत्रक मिळाले. २००५ पासून देशभर भारत स्टेज-२, २०१० पासून स्टेज-३, महानगरांत एकेक पायरी पुढे. गोव्याच्या माशेल गावच्या या शास्त्रज्ञाचे नाव पिकअपच्या कुळकथेत कुणी घेत नाही. खरे तर घ्यायला हवे. गाडीची परीक्षा पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेत होत होती, पण प्रश्नपत्रिकेची चौकट या अहवालाने आखली.

अहवालाचा भर गाडीइतकाच तेलावर होता. डिझेलमधले गंधक कमी झाल्याशिवाय धूर गाळणारे यंत्र टिकत नाही, ते गंधकाने निकामी होते. २००० मध्ये दहा लाख भागांत अडीच हजार भाग गंधक चालत असे. स्टेज-३ ला ते ३५० वर आले, स्टेज-४ ला ५० वर आणि स्टेज-६ ला १० वर. यासाठी तेल शुद्धीकरण कारखान्यांना हजारो कोटी ओतावे लागले. तेल स्वच्छ झाल्यावर गाडीवाल्यांना सबब उरली नाही.

मार्च २०१७ ची अखेर जुन्या विक्रेत्यांना अजून आठवत असेल. २९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे भारत स्टेज-३, गाडी विकता येणार नाही. कंपन्यांकडे आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, त्यांतल्या सुमारे ९६ हजार व्यावसायिक. दोन दिवस देशभर शोरूममध्ये भाजीबाजार भरला.

खरा घाव मात्र त्यानंतरचा होता. जानेवारी २०१६ मध्येच सरकारने ठरवले होते की बीएस-५ ही पायरी गाळून थेट बीएस-६ ला जायचे, १ एप्रिल २०२० ला. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची जी मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती ती ०.०८ झाली. काजळीची ०.०२५ ग्रॅमची मर्यादा ०.००४५ वर आली. हलक्या मालगाड्यांचे नियमही त्याच चालीने आवळले. हे गाठायचे तर डिझेलला जास्त दाबाची कॉमन रेल लागते, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवावा लागतो, काजळीची गाळणी बसवावी लागते आणि मोठ्या इंजिनाला वर युरियाची टाकीही. पेट्रोलला एवढा फौजफाटा लागत नाही. त्याचा धूर एका उत्प्रेरक डब्यात बराचसा निवळतो.

हा जादा खर्च मोठ्या ट्रकच्या किमतीत मुरतो. दोन सिलिंडरच्या गाडीत तो मुरणार कुठे? मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच जाहीर केले की बीएस-६ आल्यावर डिझेल बंद. तिच्या सुपर कॅरी या छोट्या पिकअपमध्ये २०१६ ला ७९३ सीसीचे दोन सिलिंडर डिझेल होते. बीएस-६ मध्ये ती १.२ लिटर पेट्रोल आणि सीएनजीवर गेली. टाटांनी ७०२ सीसीला कॉमन रेल लावून ते तगवले, पण शेजारी ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन उभे केले, ३० अश्वशक्तीचे. जुन्याच्या जवळजवळ दुप्पट.

२०२० मध्ये नियम लागू झाला तेव्हा रस्ते टाळेबंदीने ओस पडले होते. त्याच वर्षी २४ जूनला दिल्लीत डिझेलने पेट्रोललाही मागे टाकले. डिझेल ७९.८८, पेट्रोल ७९.७६. ती स्थिती टिकली नाही, पण बत्तीस रुपयांच्या दिवसांचा दाखला देणाऱ्यांची तोंडे तेवढ्याने बंद झाली.

अमेरिकेत ही गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथे १९७५ च्या कायद्याने कंपन्यांवर सरासरी मायलेजची सक्ती आली, आणि १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर होताच, युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराचे उट्टे म्हणून. लहान परदेशी पिकअपला तो दरवाजा जवळपास बंदच. नाशिकच्या स्कॉर्पिओ घराण्यातला २.२ लिटर डिझेलचा पिकअप तिथे नेण्याची धडपड महिंद्रांनी २००६ पासून केली. विक्रीची तयारी करणारे गॅलनमागे तीस मैलांच्या गोष्टी सांगत होते. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेचे आकडे आले तेव्हा शहरात गॅलनमागे १९ मैल, महामार्गावर २१. आपल्या भाषेत लिटरला आठ ते नऊ किलोमीटर. कडक धूरनियम, अवजड सांगाडा आणि सहा गिअरची स्वयंचलित पेटी यांनी मिळून ॲव्हरेज खाल्ले. वितरकाशी करार मोडला, वाद लंडनच्या लवादापर्यंत गेला. निकाल २०१२ मध्ये महिंद्रांच्या बाजूने लागला, पण तो पिकअप अमेरिकेत विकला गेला नाही.

भारतात कारगाड्यांना कार्बनची सरासरी मर्यादा २०१७ पासून आहे. छोट्या मालगाड्या त्या हिशेबाच्या बाहेरच राहिल्या. म्हणजे पिकअपच्या ॲव्हरेजवर इतकी वर्षे पहारा दिला तो मालकाने, आणि धुरावर दिला सरकारने. अर्धे इंजिन पहिल्या पहारेकऱ्याचे लाडके होते, दुसऱ्याने ते जवळजवळ संपवले. ते मागे पडले याचे दुःख करण्यासारखे फारसे नाही. धूर गिळत होती ती गल्लीतलीच माणसे, आणि तो हिशेब ॲव्हरेजमध्ये कधी धरला गेला नव्हता.

समता कॉलोनीसारख्या वस्तीत तर डिझेलची अडचण दुहेरी आहे. काजळीची गाळणी साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, वेगात पळावी लागते. डुमरतराईच्या घाऊक बाजारातून माल उचलायचा, चार दुकानांपुढे थांबायचे, इंजिन बंद-चालू करायचे, यात तसा योगच येत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि चालकाला गाडी विनाकारण रिंगरोडवर फिरवून आणावी लागते. पूर्वी नोझल साफ करणारा मेकॅनिक इथे हात टेकतो, त्याला आधी संगणक जोडावा लागतो.

पैशांचेही तसेच. समजा गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालते. डिझेलने लिटरला २० दिले आणि पेट्रोलने १६, तर रोज अर्धा लिटर जादा जळेल, म्हणजे ढोबळ पन्नास रुपये. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पंधरा हजार. डिझेल गाडी ७५ हजारांनी महाग असेल तर फरक भरून निघायला पाच वर्षे लागतील, दुरुस्ती वेगळीच. रोज दीडशे किलोमीटर धावणाऱ्याचे गणित निराळे, आणि दीड टन माल घेऊन बिलासपूर किंवा जगदलपूरला जाणाऱ्याचे त्याहून निराळे. तिथे बोलेरो पिकअपचे अडीच लिटर डिझेल अजून ठाण मांडून आहे, आणि ते हलवावे असे कारण सध्या दिसत नाही. सीएनजीचा पर्याय पंप कुठे आणि किती लांब रांग लागते यावर ठरतो. मुंबईपासून नागपूर, छत्तीसगड करत ओडिशातल्या झारसुगुड्यापर्यंतची गॅसवाहिनी आखली ती या भागातूनच.

पहिल्या एसला वीस वर्षे झाल्यावर, जून २०२५ मध्ये, टाटांनी ‘एस प्रो’ काढली. वजनक्षमता पुन्हा ७५० किलो, सुरुवातीची किंमत तेव्हा ३.९९ लाख होती. तिचे तीन प्रकार आहेत. एक पेट्रोलचा, एक सीएनजीचा, ज्यात अडीनडीला पाच लिटर पेट्रोलची टाकी दिली आहे, आणि एक विजेचा. डिझेलचा प्रकार काढलेलाच नाही.