वाशीच्या गच्चीवर, चार नंबरचा चॅनल

तुम्ही गच्चीवर उभे आहात. साल 1983, जूनचा पहिला आठवडा, गुरुवारची संध्याकाळ. पाऊस अजून आलेला नाही, पण खाडीवरचा वारा ओलसर झालाय. वाशीला रेल्वे यायला अजून नऊ वर्षं आहेत. खाडीपुलावरून एक बस दिवे लावून मुंबईकडे निघालीय. सिडकोच्या चार मजली इमारती, मधे मोकळं रान, आणि प्रत्येक गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे सांगाडे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, खाडीपलीकडे. तिथे सुमारे वीस किलोमीटरवर वरळीचा मनोरा आहे, 300 मीटर उंच. 2 ऑक्टोबर 1972 पासून मुंबई दूरदर्शन तिथून बोलतंय.

दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पाइप पकडून उभा आहे. "जरा धरता का? मला खाली वाकून विचारायचंय."

तुम्ही पाइप धरता. डोक्यावरची मुख्य नळी दोन्ही हात पसरले तरी कवेत मावणार नाही, सात फुटांहून थोडी जास्तच. ही लांबी कारखानदाराची हौस नव्हे. मुंबईचं केंद्र व्हीएचएफच्या पहिल्या पट्ट्यात, चार नंबरच्या चॅनलवर आहे: 61 ते 68 मेगाहर्ट्झ. चित्र 62.25 वर, आवाज 67.75 वर. त्या लहरींची लांबी साडेचार मीटरच्या आसपास, आणि नळी साधारण तिच्या निम्मी. म्हणजे तुमच्या हातात जे डोलतंय ते मोजमापच आहे. त्यावर आता एक कावळा बसलाय.

"आई, आलं का?"

"आलं! ...गेलं. मगाच्यासारखं कर!"

तिसऱ्या मजल्यावर जा. दार उघडंच आहे, शेजारच्या काकू दोन पोरांना घेऊन सतरंजीवर बसल्यात. लाकडी शटरचा टीव्ही, वीस इंची, कृष्णधवल. चॅनलचं बटण फिरवून बघा, खट्‌ खट्‌. दोन, तीन, चार. आणखी एक खट्‌ केलं की पाच, पुण्यासाठी सिंहगडावरून जे सुटतं ते. इथे मात्र नुसत्या मुंग्या. बटणाला चार आणि पाच शेजारी वाटतात, पण चार संपतो 68 ला आणि पाच सुरू होतो 174 ला. मधल्या त्या मोठ्या पट्ट्यात बाकीचं जग आहे. सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांचं वैमानिकांशी बोलणंसुद्धा तिथेच चाललंय. एवढी उडी मनगटाच्या एका हिसक्यात!

चारवर परत या. बातम्या चालू आहेत, मग चित्रपटगीतांचं 'छायागीत'. सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र 625 ओळींचं. ओळी एकाआड एक रंगवल्या जातात, आधी विषम, मग सम, त्यामुळे पडदा सेकंदाला 50 वेळा झळकतो. आपली वीजही 50 हर्ट्झचीच, म्हणून विजेची घरघर चित्रात शिरली तरी आडवा पट्टा जवळजवळ जागच्या जागी राहतो, डोळ्यांना कमी टोचतो. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला होता, याचं मला फार अप्रूप आहे.

खालून एक स्कूटर जाते. प्लगच्या ठिणग्यांनी पडद्यावर ठिपक्यांची रांग उमटते, बहुतेक काळ्या ठिपक्यांची. या पद्धतीत लहर जितकी जोरकस तितकं चित्र काळं. ठिणगी जोरकस म्हणून काळी. पांढरे ठिपके डोळ्यांत जास्त खुपले असते. आवाजाची तऱ्हा वेगळी, तो एफएमवर. बातम्यांचा एक शब्दही तुटत नाही.

"ताई, डबल दिसतंय हो," काकू म्हणतात.

खरंच, पडद्यावर निवेदिकेच्या उजव्या बाजूला तिचीच एक फिकट सावली आहे. मुलाची कंपासमधली पट्टी घ्या आणि मोजा: दीड सेंटिमीटर. या पडद्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वा मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात लहर पावणेचारशे मीटर जाते. म्हणजे ही सावली सहाशेक मीटरचा वळसा घालून आलीय. मागच्या खिडकीतून बघा. तीनशे मीटरवर एक नवी इमारत उठतेय, बांबूंची परांची बांधलेली. लहर पुढे गेली, त्या भिंतीवर आपटली आणि मागे फिरून अँटेनावर आली. गेल्या पावसाळ्यात ही सावली नव्हती. शहर वाढतंय आणि ते आधी पडद्यावर दिसतंय.

"एप्रिल-मेमध्ये तर कराची लागतं कधीकधी," काकू सांगतात. उन्हाळ्यात समुद्रावर हवेचे थर असे काही बसतात की लहरी त्यांच्या खालून घरंगळत इथवर येतात. तिकडेही 625 ओळी, तिकडेही हीच पद्धत. त्यामुळे ते चित्र आपल्या डब्यात काही न बदलता उभं राहतं.

'छायागीत' संपतं. काकू पोरांना उठवतात, आई आवाज पूर्ण बारीक करून पानं घ्यायला आत जाते. पडदा दिवाणाच्या आडोशाला, खोलीत शांतता. तुम्ही जिन्याकडे वळता. तेवढ्यात मुलगा गच्चीवरून धावत खाली येतो आणि दाराबाहेरूनच ओरडतो, "आई, टीव्ही चालूच राहिलाय!"

त्याने पडदा पाहिलेला नाही. ओळी सेकंदाला 15,625 वेळा डावीकडून उजवीकडे धावतात आणि डब्यातलं एक गुंडाळं त्याच तालात बारीक शीळ घालतं. तुम्ही थांबून कान देता. तुमच्या वयाला ती ऐकू येत नाही.