लंडनची रायफल, ओबर्नडॉर्फचं काळीज

शंभर वर्षांपूर्वी हत्ती-रानरेड्याच्या शिकारीला निघालेला साहेब लंडनला जाऊन रायफल बांधून घेई. नळीवर नाव रिग्बीचं किंवा जेफ्रीचं, अक्रोडाचा कुंदा त्यांचा, नक्षीकाम त्यांचं आणि बिलही त्यांचंच. बोल्ट मागे ओढला की मात्र हाताला लागे ती बहुधा जर्मन वस्तू! नेकर नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या पॉल माउझरच्या कारखान्यात तयार झालेली.

ही बोल्टची यंत्रणा मुळात शिकाऱ्यासाठी नव्हतीच. जर्मन सैन्याने ती १८९८ साली पायदळासाठी स्वीकारली. बोल्टला पुढे दोन भक्कम कान आणि मागे तिसरा, पुढचे निकामी झाले तर सावरायला. काडतूस फुटलंच तर वायू नेमबाजाच्या डोळ्यांत न जाता बाजूला निघून जावा म्हणून बोल्टला भोकं.

खरी करामत बोल्टच्या कडेच्या लांब पोलादी नखीत होती. बऱ्याच साध्या बोल्टमध्ये काडतूस नुसतंच पुढे ढकललं जातं. घाईत अर्धवट ढकललेला बोल्ट पुन्हा मागे ओढला, तर ते पुढेच राहतं, दुसरं त्याच्या बुडावर आदळतं आणि रायफल अडकते. माउझरची नखी मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कडा तिथेच पकडते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. चांदमारीत याचं कौतुक कुणाला वाटणार नाही. जखमी रानरेडा वीस पावलांवर असला की वाटतं.

तोवर अशा शिकारीला दुनळी एक्स्प्रेस रायफलच वापरायची रीत होती. ती महाग, बार दोनच. बोल्टची रायफल स्वस्त आणि मॅगझिनमध्ये तीन-चार काडतुसं. अडचण लांबीची होती. त्या काळची कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढे, म्हणून १९११ साली रिग्बीने .४१६चं काडतूस काढताना पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली. एवढं लांब-जाड काडतूस लष्करी बोल्टमध्ये मावणार कसं? त्यासाठी माउझरची लांब ‘मॅग्नम’ यंत्रणा होती. मोठ्या बोअरच्या रायफलसाठी तिच्याइतकी चोख यंत्रणा पुढेही क्वचितच झाली.

१९४५ नंतर फ्रेंचांनी ओबर्नडॉर्फचा कारखाना मोडून काढला आणि बंदूकवाल्यांची पंचाईत झाली. कुणी पहिल्या महायुद्धातल्या लष्करी एन्फिल्ड रायफली कापून-घासून वापरल्या, कारण त्यांची लांबी पुरेशी होती. अमेरिकेत विंचेस्टरने उलटा मार्ग धरला. नेहमीच्या लांबीच्या यंत्रणेत बसावं म्हणून १९५६ साली त्यांनी पुंगळीच आखूड केली, ते .४५८चं काडतूस. त्यात दारू ठासावी लागे आणि वेग कमी पडतो अशा तक्रारी पुढे आल्या. त्याच कंपनीने १९६४ साली खर्च वाचवायला ‘मॉडेल ७०’ची माउझरी नखी काढून टाकली. गिऱ्हाइकं इतकी बिथरली, की चौसष्टच्या आधीच्या रायफलींचे भाव चढले. नव्वदच्या दशकात नखी परत आली.

आपल्याकडे हा माउझर ओळखीचा आहे तो जिम कॉर्बेटमुळे. चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना भेट मिळालेली रिग्बी माउझरवरच बांधलेली होती. ती मोठ्या बोअरची नव्हे, .२७५ची, पण रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली तिनेच टिपला. कॉर्बेटनंतर ती त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. रिग्बी कंपनीने ती २०१५मध्ये परत मिळवली आणि पुढच्याच वर्षी कॉर्बेटच्या मुलखात आणून लोकांना दाखवली.